सुभेदार शेलारांची वही

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी मला तुमच्याकडच्या हायवेवरचा एक ट्रक दाखवलात. लांब नाकाचा, चकचकीत, दोन बाजूंना दोन धुराडी उभी असलेला. "आजी, शेलार आजोबांचा घोडा!" असं दोघंही एकदम ओरडलात. मग धाकटीने विचारलं, "त्यांचं पुढे काय झालं गं?" मी म्हटलं, "ते गावी गेले." हे खरं आहे. पण सरकारी नोकरीत जन्म काढलेल्या माणसाला खरं बोलून अर्धं उत्तर कसं द्यायचं हे फार चांगलं येतं, आणि मी तुम्हाला ते तसं दिलं. उरलेलं अर्धं आता लिहून पाठवते. तुमची आई म्हणते, मराठी वाचायला तुम्हाला वेळ लागतो. लागू दे.

दिल्लीजवळच्या पालम विहारमधल्या आपल्या घरासमोर सुभेदार शेलार राहायचे. मूळचे कराडजवळचे, सैन्यात ड्रायव्हर म्हणून लागले आणि मेकॅनिक होऊन निवृत्त झाले. त्यांच्या घराला लागून एक रिकामा प्लॉट होता, मालक परदेशात. त्या प्लॉटवर त्यांचा घोडा उभा असे. ट्रेलर ओढणाऱ्या ट्रकच्या पुढच्या भागाला, म्हणजे इंजिन, केबिन आणि मागे नुसता सांगाडा एवढ्याला, आपल्याकडचे ड्रायव्हर घोडा म्हणतात. हा घोडा पूर्वी सैन्याचे रणगाडे लादलेलं गाडं ओढायचा. शेलारांनी राजस्थानच्या वाळूत ह्याच जातीची गाडी बारा वर्षं चालवली होती. लिलावात तो त्यांना मिळाला तेव्हा केबिनमध्ये पिंपळाचं रोप उगवलेलं होतं. निवृत्तीनंतरची अकरा वर्षं त्यांनी त्या गाडीत घातली. तिचे भाग कुठेच मिळत नसत. जे मिळत नसे ते ते स्वतः घडवत, नाहीतर मायापुरीच्या भंगार बाजारातल्या एका म्हाताऱ्या खरादवाल्याकडून, म्हणजे लेथवर लोखंड घडवणाऱ्याकडून, घडवून घेत.

माणूस ठेंगणा, काटक. अंगावर तेलकट डांगरी आणि तिच्या आत कडक इस्त्रीचा शर्ट. "आत शर्ट कोण बघतंय, शेलारभाऊ?" मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "मी बघतो की. बटण लावताना."

इंजिन सुरू करायच्या आधी ते चार घरांच्या बेल वाजवायचे. "वहिनी, धूर येणार आहे. वाळत घातलेलं काढून घ्या." सगळ्यांनी कपडे काढले की नाही हे गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन बघून यायचे आणि मगच केबिनमध्ये चढायचे. तुमचे आजोबा म्हणायचे, "शेलारसाहेब, विमान उडवताना पण इतक्या परवानग्या घेत नाहीत." त्यावर शेलार गंभीरपणे म्हणायचे, "विमान वरच्या वर जातंय, साहेब. आपल्याला ह्याच गल्लीत परत यायचंय."

त्यांची माझी खरी ओळख झाली ती एका नोटिशीमुळे. कॉलनीच्या रहिवासी संघाची मी सचिव होते. रिकाम्या प्लॉटवर भंगार वाहन ठेवल्याबद्दल त्यांना नोटीस द्यायचं ठरलं आणि ती मी लिहिली. माझं इंग्रजी चांगलं आहे याचा मला तेव्हा फार अभिमान होता. दुसऱ्या दिवशी सकाळी शेलार तो कागद घेऊन आपल्याच दारात उभे.

"वहिनी, एवढं वाचून दाखवा."

मी माझंच इंग्रजी त्यांना मराठीत वाचून दाखवलं. 'डोळ्यांना खुपणारी वस्तू' या शब्दांशी माझा आवाज जरा खाली गेला. ते म्हणाले, "बरोबर आहे की. रंग कुठं झालाय अजून."

"पण तुम्ही हे माझ्याकडेच का आणलंत?"

"खाली सही तुमची आहे. लिहिणाऱ्याकडनंच ऐकलं म्हणजे अर्थ नीट कळतो."

महिन्याभरात घोड्याला गडद हिरवा रंग लागला, नाकावर पिवळी बारीक रेघ आली. ते पुन्हा दारात. "आता बघा. खुपती का?" पुढच्या बैठकीत मी नोटीस मागे घ्यायचा ठराव मांडला. तेव्हापासून त्यांचा प्रत्येक सरकारी कागद माझ्याकडे येऊ लागला. पेन्शनचं पत्र, विम्याचा फॉर्म, लायसन्स. मी त्यांना एक फाइल करून दिली, रंगीत खुणा लावून. त्या फाइलकडे ते माझ्या देखत नेहमी आदराने बघायचे.

एकदा तुमच्या मामाने त्यांना मानेसरला नेलं. तो तेव्हा तिथे सुट्या भागांच्या कारखान्यात होता आणि कारखान्याच्या आवारात नवे कोरे ट्रेलर उभे असायचे. मीही गेले होते. मामाची अपेक्षा होती की सुभेदार नव्या गाडीला नावं ठेवतील आणि आपल्याला गंमत ऐकायला मिळेल. शेलारांनी एक ट्रेलर चालवत आवारात दोन फेऱ्या मारल्या. उतरले ते चेहरा उजळलेला.

"काय ब्रेक आहेत, वहिनी! बोट ठेवलं की थांबती. स्टिअरिंग एका हातानं फिरतंय. आमच्यात अख्खं अंग घालावं लागायचं."

मामा म्हणाला, "पण काका, जुन्या गाडीची मजा नाही ना?"

"मजा?" ते मामाकडे वळले. "जैसलमेरच्या रस्त्यावर मला असले ब्रेक असते तर माझ्या शेजारी बसलेला नाईक आज नातवंडं खेळवत असता. मजेचं काय सांगता." मग मामाला वाईट वाटलेलं बघून त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "नवी गाडी लई चांगली. ड्रायव्हरची चूक झाकून घेती. जुनी घेत नाही. गिअर चुकला की सगळ्या रस्त्याला ओरडून सांगती."

त्यांच्या गाडीत गिअर बदलायला क्लच दोनदा दाबावा लागे आणि मध्ये इंजिनचा आवाज बरोबर त्या उंचीवर आला की दांडा सरकवायचा. "हातानं पडत नाही गिअर. कानानं पडतो," हे त्यांचं वाक्य तुम्ही दोघांनीही ऐकलं आहे. त्या केबिनमध्ये बसून तुम्ही नुसताच भोंगा वाजवायचात.

संक्रांतीला आपलं मराठी मंडळ पानिपतला काला अंबला, लढाईच्या स्मारकापाशी, जायचं. एका वर्षी सगळी व्यवस्था माझ्याकडे होती. हातात वेळापत्रक, प्रत्येक थांब्याला किती मिनिटं ते लिहिलेलं. शेलार बसमध्ये न बसता घोडा घेऊन मागून येत होते, कारण लांबचा रस्ता मिळाल्याशिवाय गाडीचा खरा सूर कळत नाही असं त्यांचं म्हणणं. समालख्याच्या अलीकडे आमची नवी, वातानुकूलित बस बंद पडली. ड्रायव्हर मोबाइलवर कंपनीशी बोलत राहिला. समोर लाल दिवा पेटला आहे, कॉम्प्युटर लावल्याशिवाय हात लावता येणार नाही. धुकं इतकं की दहा पावलांवरचं दिसेना. तेवढ्यात धुक्यातून ते हिरवं नाक आलं. शेलारांनी लोखंडी दांडी जोडून बस मागे लावली आणि पंचेचाळीस मराठी माणसं तशी ओढत काला अंबला नेली. रस्त्यात एका ढाब्यावरून एक म्हातारा ओरडला, "ताऊ, यो के चीज सै?" शेलार खिडकीतून बाहेर वाकून म्हणाले, "फौजी है, ताऊ! पेन्शन पे है!"

अभिवादनाच्या वेळी ते सगळ्यात मागे उभे राहिले. हाताला ग्रीस होतं म्हणून फुलं घेतली नाहीत.

मग दिल्लीच्या आसपास जुन्या डिझेल गाड्यांना बंदी आली. पहिली काही वर्षं कोणी एका जागी उभ्या गाडीकडे बघितलं नाही. नंतर गाड्या उचलून भंगारात नेऊ लागले. त्याच सुमाराला प्लॉटच्या मालकानेही बांधकाम काढलं. शेलारवहिनी तीन वर्षांपूर्वी गेल्या होत्या आणि मुलगा कराडला बोलावत होता. त्यांनी ठरवलं, घोडा घेऊन गावी जायचं. कराडजवळ एका संस्थेचं जुन्या वाहनांचं लहानसं संग्रहालय होतं. संग्रहालयवाल्यांनी कळवलं, गाडी चालती असेल तर घेऊ, वर्षातून चार वेळा मैदानात फिरवू, आणि फिरवायला तुम्हीच या. हे पत्र मी वाचून दाखवलं तेव्हा शेलारांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

"मीच फिरवायची म्हणतात?"

"हो. लिहिलंय तसं."

"आणि न्यायची पण मीच. सोळाशे किलोमीटर. चाळीसच्या वर पळवायची नाही. सहा दिवस." त्यांनी बोटांवर मुक्काम मोजले.

हद्दीबाहेर न्यायची परवानगी मी लिहून मिळवली. तिला मुदत होती, मकरसंक्रांतीच्या आठवड्यापर्यंतची. नोव्हेंबरात त्यांनी इंजिन उघडलं, कारण पाण्याच्या पंपाचं झाकण गंजून खाल्लं गेलं होतं. ते खरादवाल्याकडून नवं करून घ्यायचं आणि निघायचं. संग्रहालयाला गाडीचा इतिहास हवा होता. त्यासाठी शेलारांनी मला त्यांची वही दिली.

जाड, लांबट, पुठ्ठ्याची वही. अकरा वर्षांची. मराठीत, हिंदीत, कुठे नुसते आकडे. कोणता भाग कधी काढला, कोणत्या नटाला किती फेरे. मध्ये मध्ये पानंच्या पानं तेलाने माखलेली, डागांशिवाय काही नाही. "ह्यातनं तारखा काढा आणि एक पानभर लिहा," एवढंच ते म्हणाले होते.

मी एक पान लिहिलं. मग मला वाटलं, एवढ्या मोलाच्या नोंदी अशा घाणेरड्या वहीत का असाव्यात? मी नवं रजिस्टर आणलं. तीन आठवडे रोज दुपारी बसून एकूण एक नोंद त्यात उतरवली, रकाने आखून, इंग्रजी आणि मराठी समोरासमोर, शेवटी अनुक्रमणिका. तपकिरी कागदाचं वेष्टन घातलं. मला ते काम करताना फार आनंद झाला. जुन्या वहीला डिझेलचा वास येत होता, माझ्या टेबलावरच्या कागदांना लागत होता. रविवारी रद्दीवाला आला तेव्हा वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावर ती मी माझ्या हाताने ठेवली. आपल्याकडे संतोष कामाला यायची, झज्जरची, तुम्हाला बाजरीची रोटी देणारी. ती गठ्ठा उचलता उचलता थांबली.

"मैडम, ये तो सूबेदार जी की कॉपी है ना?"

"नई बना दी है मैंने. ये रद्दी है."

तिने गठ्ठा नेऊन दिला.

दोन दिवसांनी शेलार आले. मी रजिस्टर त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी हात धुतले, पुसले, मग उघडलं. "छापल्यासारखं अक्षर आहे, वहिनी." पानं उलटली. पुन्हा पहिल्यापासून उलटली. "आणि ती मोठी वही?"

"त्यातलं सगळं यात घेतलंय. एक अक्षर सोडलेलं नाही."

"अक्षरं आहेत की. छाप कुठायत?"

"कसले छाप?"

त्यांनी उजवा तळहात टेबलाच्या काचेवर सपाट दाबला आणि उचलला. काचेवर हाताचा ठसा उमटला. "असं. भाग नवा असताना त्याला तेल लावून कागदावर दाबून ठेवायचं. कडा, भोकं, आतल्या पाण्याच्या वाटा, सगळं जसंच्या तसं उमटतंय. तो कागद खरादवाल्याला दिला की तो तसाच भाग करून देतो. पंपाच्या झाकणाचा छाप त्यात होता. आता झाकणाची आतली बाजू खाऊन गेलीय. आतली वाट कशी होती ते फक्त त्या पानावर आहे." मग अगदी सहज त्यांनी विचारलं, "वही कुठाय?"

मी नोकरीत कधी चूक कबूल केली नव्हती, कारण माझ्या कागदात चूक नसायचीच असं मी मानत आले होते. संतोष त्याच खोलीत फरशी पुसत होती. मी मराठीत म्हटलं, "संतोषने रद्दीत टाकली वाटतं." आपलं नाव आणि रद्दी हे दोन शब्द तिला कळले. पोछा थांबला. तिने माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा पुसायला लागली.

शेलार उठले. जाताना तिच्यापाशी थांबून म्हणाले, "कोई बात नहीं, बेटी. होता है."

पुढचे तीन दिवस ते रद्दीची दुकानं हिंडत होते. पालम विहार, बिजवासन, कापसहेड्यापर्यंत, पायी. एका दुकानात त्यांनी गठ्ठ्यांचा पूर्ण ढीग उपसला आणि पुन्हा लावून दिला, हे मला संतोषने सांगितलं. सांगून ती गेली नाही.

"नाम मेरा ले लिया, कोई बात ना, मैडम. पर सूबेदार जी नै ढूँढण क्यूँ जाण दिया?"

मी म्हटलं, "मैं बता दूँगी उन्हें." मी तेव्हा खरंच सांगणार होते. त्या दिवशी तुमच्या आजोबांना ताप होता. दुसऱ्या दिवशी शेलारांकडे खरादवाला बसलेला होता. नंतर इतके दिवस गेले की आता सांगितलं तर इतके दिवस का नाही सांगितलं, याचंही उत्तर द्यावं लागलं असतं.

झाकण इंजिनाच्या ज्या अंगावर बसतं, तिथून त्यांनी नवा छाप घेतला. भोकं जुळली. आतली वाट खरादवाल्याने आणि त्यांनी मिळून अंदाजाने काढली. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी चार घरांच्या बेल वाजवल्या. मी कपडे काढले. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं आणि गल्लीतले लोक टाळ्या वाजवायला लागले. मीही वाजवल्या. मला वाटलं, सुटले.

ते गाडी घेऊन निघाले, पण बिजवासनच्या रेल्वे फाटकाशी इंजिनातलं पाणी उकळलं. ते तासाभराने हातात रिकामा कॅन घेऊन चालत आले. मी दारातच होते.

"इंजिनाचं हेड वाकलं, वहिनी. आतला वळसा चुकला. पाणी फिरलंच नाही."

"पुन्हा करता येईल ना?"

"येईल की. चार महिने लागतील." त्यांनी परवानगीच्या तारखेचा उल्लेख केला नाही. ती मला पाठ होती.

संग्रहालयाला मी पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर सभ्य होतं. बंद गाडीही ठेवून घेऊ, दालनात उभी राहील, दोरी लावून. शेलारांना वाचून दाखवलं. "उभी तर उभी," ते म्हणाले. "भंगारात जाण्यापेक्षा बरी." त्यांनी स्वतःच बॅटरी काढली, तेल काढून डब्यांत भरलं आणि डबे गल्लीच्या टोकाच्या पंक्चरवाल्याला देऊन टाकले.

न्यायला आला तो नवा ट्रेलर, आठ-दहा महिन्यांचा असेल. पांढरी शुभ्र केबिन, समोर टीव्हीसारखा पडदा. त्याच्या पाठीवर हिरवा घोडा साखळ्यांनी बांधला. शेलार प्रत्येक साखळी ओढून बघत होते आणि ट्रेलरचा मेवाती ड्रायव्हर हसत होता. "चाचा, ऊपर आ जाओ. सीट में हवा भरी है, झूले जैसी. कराड तक सोते जाना."

शेलार इस्त्रीच्या शर्टात होते. पहिल्यांदाच डांगरीशिवाय. त्यांनी चढून दार लावलं आणि ते काचेमागे गेले. मी डबा घेऊन गेले होते आणि या वेळी मनाशी पक्कं ठरवलं होतं. मी खालून म्हटलं, "शेलारभाऊ, वहीचं एक सांगायचं होतं." ओठ हलताना त्यांना दिसले असतील, आवाज आत गेला नाही. ते काच खाली घ्यायचा दांडा शोधत होते, दारावर हात फिरवत. ड्रायव्हरने आपल्या बाजूने बटण दाबलं आणि काच खाली आली.

"काय म्हणालात, वहिनी?"

"डब्यात गुळाच्या पोळ्या आहेत. संपवा आजच."

"बरं." त्यांनी दोन्ही हातांनी डबा घेतला. मग माझ्या मागे, फाटकाशी उभ्या असलेल्या संतोषकडे बघून ते मला हळू आवाजात म्हणाले, "मी पण एक सांगणार होतो. त्या संतोषला रागावू नका हं. तिला काय ठाऊक त्यात काय होतं. बाई मनाला लावून घेईल."

"नाही रागावणार," मी म्हटलं.

काच वर गेली. ट्रेलर जवळजवळ आवाज न करता वळला.

संतोष पुढे आली. "मेरा नाम ले रहे थे. क्या बोले?"

मी म्हटलं, "तुझे राम-राम कह रहे थे."

तिने डोक्यावरची ओढणी सारखी केली आणि जाणाऱ्या गाडीकडे बघून दोन्ही हात जोडले.